मालनबाईंचा बोलका डबा

अठ्ठ्याऐंशी साली रत्नागिरीत 'कॉम्प्युटर' हा शब्द उच्चारताना लोक आवाज जरा खाली करत. मी जरा वर करत असे. राम आळीत बाबूशेठच्या स्टेशनरीच्या दुकानावर माझा टायपिंगचा क्लास होता. मुंबईच्या एका कचेरीने मोडीत काढलेला कॉम्प्युटर मी ट्रकमधून आणवला, लाल मखमलीच्या कापडावर मांडला आणि क्लासच्या बोर्डावर 'टायपिंग'च्या अगोदर 'कॉम्प्युटर' असं रंगवून घेतलं. मला त्यातलं येत काय होतं? यंत्र चालू करता येत होतं, पत्र टाइप करता येत होतं आणि ते छापता येत होतं. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेऊ लागलो. मला खोटं ठरवू शकेल असं गावात कोणी नव्हतं, हीच माझी खरी पात्रता.

"घरातला मिक्सर बंद पडलाय, तो बघा आधी," असं माझी बायको दमयंती म्हणायची. पण मिक्सर हा माझा विषय नव्हता.

अशा या तज्ज्ञाकडे एक दिवस गंगाराम आला. तो बोटीवर फिटर होता आणि सुटी संपवून पुन्हा निघायच्या बेतात होता. बरोबर त्याची आई, मालनबाई. बाईंनी मला चौथीपर्यंत शिकवलं होतं. मांडवीच्या शाळेत त्या पाढे म्हणून घेऊ लागल्या की बंदरावर मासे मोजणारी माणसं चुकत, अशी त्यांच्या आवाजाची ख्याती. आदल्या वर्षी घशाच्या कॅन्सरने त्यांचं स्वरयंत्र मुंबईला काढून टाकावं लागलं. तेव्हापासून गळ्याभोवती स्वच्छ पांढरा रुमाल, पिशवीत पाटी-खडू आणि हातात शाळेतली जुनी लाकडी पट्टी. कोणाचं लक्ष वेधायचं असलं की ती पट्टी टेबलावर आपटायची.

गंगारामने पिशवीतून एक काळा डबा काढला. पुढे जाळी, मागे वायर.

"सिंगापूरला घेतला," तो म्हणाला. "कॉम्प्युटरला जोडायचा. आपण टाइप करायचं आणि हा ते बोलून दाखवतो."

"आणि करायचं काय त्याचं?"

गंगारामने आईकडे पाहिलं. "मी बंदरावरून फोन करतो ना बाबूशेठकडे. आई रिसीव्हरवर नखाने वाजवते. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आता 'कशी आहेस' असं विचारलं तर ती काय वाजवणार? सगळे प्रश्न असे वकिलासारखे बेतून विचारावे लागतात. हा डबा चालला तर तिला बोलता येईल. जमेल ना रे तुला?"

"न जमायला काय झालं?" मी म्हणालो. ही माझी सवय होती. आधी उत्तर, मग प्रश्न.

डब्याबरोबर एक फ्लॉपी होती. त्या दोघांसमोर मी ती ऐटीत यंत्रात सरकवली. हिरव्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'इनकरेक्ट डॉस व्हर्शन'.

डॉस म्हणजे कॉम्प्युटरला चालवणारी मूळ व्यवस्था. ती नसेल तर यंत्र म्हणजे नुसता ठोकळा. माझ्या यंत्रातला डॉस जुना होता आणि डब्याला नवा हवा होता. एवढं मला कळलं. पुढे काय करायचं ते कळलं नाही.

"किरकोळ आहे," मी गंगारामला सांगितलं. "तू जा निर्धास्त." आणि तो बिचारा खरंच निर्धास्त गेला.

बाई रोज दुपारी क्लासला येऊ लागल्या. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून माझे उपाय पाहायच्या. मी फ्लॉपी काढून पुन्हा घातली. तिच्यावर फुंकर मारली. यंत्र बंद करून त्याला विश्रांती दिली. गुरुवारी उदबत्ती लावली, ती दत्ताच्या तसबिरीला लावल्याचं दाखवून. एकदा मागचं झाकण उघडून आत बराच वेळ पाहिलं. डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून बघतात ना, अगदी तसं. एक स्क्रू उरला तो शर्टाच्या खिशात टाकला.

आणि हे सगळं करताना मी बोलत होतो. डॉस म्हणजे काय, मेमरी म्हणजे काय, जपानी लोक पुढे का गेले. बाई मधूनच पट्टी आपटायच्या. मला वाटायचं, त्यांना पटतंय.

एकदा त्यांनी पाटी माझ्या तोंडासमोरच धरली. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'याची वायर प्रिंटरच्याच जागी बसते. मग याला प्रिंटर समजून पाहा.'

मी हसलो. माझ्या जुन्या बाईंना हसलो. "बाई, हा बोलणारा डबा आहे, तो प्रिंटर छापणारा. कॉम्प्युटर असा फसत नाही हो."

त्यांनी पाटी पुसून पुन्हा लिहायला घेतलं. पण लिहून होईतो मी पुढच्या विषयावर गेलो होतो. आवाज नसलेल्या माणसाला समोरच्याला मध्येच तोडता येत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानातच आलं नाही. मी आपला सभा जिंकल्यासारखा बोलत राहिलो.

शेवटी नवा डॉस आणायचं ठरलं. मुंबईच्या एका मित्राला गळ घातली. त्याने तो गोव्याला जाणाऱ्या लक्झरीच्या ड्रायव्हरकडे दिला. ती गाडी रत्नागिरीत शिरत नव्हती, म्हणून मी एसटीने हायवेवरच्या हातखंब्याला गेलो. नाक्यावर टपरीच्या बाकड्यावर बसून मुंबईकडून येणारी प्रत्येक गाडी डोळ्यांत तेल घालून पाहिली. शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, "कोण पाव्हणे येतायत काय?"

"डॉस येतोय," मी म्हणालो. त्याने आदराने मान हलवली. बहुधा कोणी ख्रिस्ती पाहुणा असावा असं त्याला वाटलं.

गाडी आली, पाकीट मिळालं. मी तिथेच फोडलं. आत तळहातात मावेल अशी, कडक प्लॅस्टिकची, चौकोनी छोटी डिस्क. नव्या यंत्रांची ती नवी तऱ्हा होती. माझ्या यंत्राला चालायची ती मोठी, लवलवती, वहीच्या कागदासारखी फ्लॉपी. ही त्याच्या तोंडात घातली असती तर आत कुठेतरी पडली असती आणि पुन्हा दिसली नसती. मित्राला साइज सांगायची असते हे मला ठाऊक नव्हतं, कारण साइज दोन असतात हेच ठाऊक नव्हतं.

परतीच्या एसटीत मी बाईंना काय सांगायचं याची तयारी केली. मित्राचा गलथानपणा, उन्हाने डिस्क आखडणं, परदेशी कंपन्यांचा कावा अशी तीन-चार कारणं मनात घोळवून त्यातलं भारदस्त असं एक पक्कं केलं.

दुकानापाशी आलो तर बाबूशेठ गल्ला सोडून पायरीवर उभे. "काय रे आत्माराम," ते दबल्या आवाजात म्हणाले, "साहेब आलाय ते आधी सांगायचंस नाही? मघापासून वर इंग्रजी बोलतोय. मी दोन स्पेशल चहा पाठवलेत हो वर."

"कोण साहेब?"

"मला काय ठाऊक? पण माणूस बडा दिसतोय. एकसुरी बोलतो, थांबत नाही."

मी जिना चढलो. वरून खरंच एक जाड, नाकात बोलणारा पुरुषी आवाज येत होता. दारात पोचलो तेव्हा तो म्हणत होता, "लर्न कॉम्प्युटर अंडर द एक्स्पर्ट गायडन्स ऑफ श्री अ‍ॅट्मॅरॅम."

ती माझीच जाहिरात होती. कॉम्प्युटरवर रोज छापून मी ती गावभर वाटत असे. टायपिंगच्या मुली यंत्रांमागे तोंड लपवून हसत होत्या. मालनबाई माझ्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. समोर चहाचा एक कप रिकामा, दुसरा बशी झाकून ठेवलेला. मी छापायची आज्ञा कशी देतो हे त्यांनी इतक्या दिवसांत बसल्या बसल्या पाहून ठेवलं होतं. प्रिंटरची वायर काढून डब्याची लावली आणि तीच आज्ञा दिली. कॉम्प्युटरला वाटलं आपण छापतोय. डब्याला वाटलं आपल्याला बोलायला सांगितलंय. डॉस जुना की नवा, हे कोणी विचारलंच नाही.

"मी हेच करून बघणार होतो," मी म्हणालो.

बाईंनी शांतपणे पाटी उचलली आणि एकच शब्द लिहिला: 'खोटं'. मग दुसरा कप माझ्याकडे सरकवला.

तेव्हापासून डब्याची शाळा सुरू झाली. तो फक्त इंग्रजी वाचायचा, तेही अमेरिकन वळणाचं. रोमन लिपीत 'गंगाराम' लिहिलं तर 'गॅन्गरॅम' म्हणायचा. बाईंनी पहिलीच्या मुलाला जोडाक्षरं शिकवावीत तशा चिकाटीने त्याला मराठी शिकवलं. शब्द तोडून, स्वर वाढवून, कुठे जास्तीचा एच घालून त्या स्पेलिंग बदलत राहायच्या. 'ळ' काही केल्या त्याला जमला नाही. तेव्हा 'ळ' असलेले शब्दच त्यांनी वगळले. मी एकच कामाचं केलं: ओळ लिहून बटण दाबताच ती थेट डब्याकडे जाईल असा छोटासा प्रोग्रॅम पुस्तकातून उतरवून काढला. तो पहिल्या दिवशी प्रत्येक ओळ दोनदा बोलायचा. मी म्हणालो, ते ठासून सांगण्यासाठी आहे. बाईंनी पट्टी उचलली आणि मी तो दुरुस्त केला.

गंगारामचा फोन रविवारी दुपारी येणार होता. फोन खाली, कॉम्प्युटर वर. मी कॉम्प्युटरचा एकेक भाग, शेवटी पडदा छातीशी धरून, जिन्यावरून खाली आणला आणि बाबूशेठनी काउंटरवरच्या शाईच्या बाटल्या, कंपासपेट्या हलवून जागा केली. घंटी वाजताच रिसीव्हर उचलून डब्याच्या जाळीसमोर धरायला दमयंती फोनजवळ बसली.

घंटी वाजली. बाईंनी बटण दाबलं. डबा खर्जात म्हणाला, "गंगाऽराम. मी आई बोल्ते."

 मग गंगारामचा आवाज, "सॉरी सर, राँग नंबर." आणि फोन बंद.

पदर नसल्यामुळे बाबूशेठनी तोंडात उपरणं कोंबलं. बाईंचे खांदे हलत होते, त्या हसत होत्या. हसण्याचा आवाज तेवढा नव्हता.

पुन्हा घंटी वाजली तेव्हा मी रिसीव्हर हिसकावून घेतला. "गंगाराम, ठेवू नकोस! आईच आहे. त्याचं असं झालं, आपला डॉस जुना, त्यामुळे मूळ फ्लॉपी चालेना, पण प्रिंटरच्या पोर्टवरून..." माझ्या बोटांवर पट्टी बसली. चौथीनंतर प्रथमच. मी रिसीव्हर दमयंतीला परत दिला.

"आई?" गंगाराम म्हणाला. रिसीव्हरमधून बाहेर आम्हालाही ऐकू येत होतं.

"तू कसा आहेस?" डब्याने विचारलं.

"मी... मी बरा आहे."

"जेवलास?"

"हो, जेवलो."

"काय जेवलास?"

 वर्षभर तो विचारत होता आणि ती वाजवत होती. आता विचारायची पाळी तिची होती आणि त्याची तयारी नव्हती.

"पाव खाल्ला," तो शेवटी म्हणाला. "बंदरावर उतरायला उशीर झाला."

"पाव म्हंजे जेवण नव्हे," डबा त्याच एकसुरी, साहेबी आवाजात म्हणाला. पलीकडून आधी हसण्याचा आवाज आला, मग नाक ओढल्याचा. दमयंतीने रिसीव्हर धरलेला हात बदलला आणि मोकळ्या हाताने डोळे पुसले. बाई खाली बघून भराभर टाइप करत होत्या. थंडी किती आहे, खोकला गेला का, नवा मुकादम त्रास देतो का.

आणि मग लाइट गेली. पडदा काळा झाला, डबा अर्ध्या शब्दात मुका झाला. "आई? ऐकू येतंय?" बाईंनी रिसीव्हर स्वतःकडे घेतला आणि नखाने एकदा वाजवलं. गंगाराम मग स्वतःच बोलत राहिला, बोटीवरच्या भांडणांबद्दल, एका बंगाली आचाऱ्याबद्दल, बर्फ पडताना डेकवर पाय कसे घसरतात त्याबद्दल. बाई कानाला रिसीव्हर लावून ऐकत होत्या आणि आम्ही तिघं शहाण्यासारखे काही न बोलता उभे होतो.

शेवटी त्याने मला बोलावलं. "आत्माराम, कसं जमवलंस रे?"

एसटीत पक्कं केलेलं भारदस्त कारण अजून माझ्या जिभेवर होतं. बेतलं होतं अपयशासाठी, पण यशालाही ते चाललं असतं. पण बाई माझ्याकडे बघत होत्या. "बाईंनी जमवलं," मी म्हणालो. "मी जिन्यावरून सामान उतरवलं."

पुढच्या उन्हाळ्यात गंगाराम सुटीवर आला तोपर्यंत माझ्या क्लासमध्ये बदल झाला होता. दुपारची तुकडी मालनबाई घेत होत्या. इंग्रजी टायपिंगचं डिक्टेशन डबा द्यायचा, आणि कोणाचं लक्ष नसलं तर त्याचं नाव घेऊन झापायचा. एकही मुलगी उशिरा येत नव्हती. लांबच्या पावस गावाहून येणाऱ्या मुलीही वेळेआधी हजर.

गंगाराम दारात उभा राहून ते ऐकत होता. तास संपल्यावर म्हणाला, "आई, आता बाईच्या आवाजाचा डबा मिळतो म्हणे तिकडे. पुढच्या खेपेला घेऊन येऊ? हा पुरुषी आवाज किती विचित्र वाटतो."

बाईंनी जरा विचार केला. मग टाइप केलं आणि बटण दाबलं.

"नको," डबा म्हणाला. "याला सारे घाबरतात."