सहा पन्नासचा बगळा

दादाचा कॉम्प्युटर सुरू व्हायला सतरा मिनिटं लागायची. "तेवढ्यात माणूस अंघोळ करून येतो," बाबा म्हणायचे. तो कायमचा बंद पडायच्या आत त्यातले अकरा हजार सहाशे चाळीस फोटो नव्या कॉम्प्युटरवर न्यायचे, हे मी अंगावर घेतलं. आईची एकच अट होती: "वेळा हलता कामा नयेत."

"फाईलची तारीख बदलते, आई. पण फोटो काढल्याची वेळ फोटोच्या पोटातच असते. ती येते बरोबर."

"पोटात असो की पाठीवर. बदलायची नाही."

तिला खरं तर एकाच फोटोची काळजी होती. चार वर्षांपूर्वी तलावाच्या बांधावरून पाय घसरून दादा खाली दगडांवर पडला आणि गेला. त्या संध्याकाळी सहा त्रेचाळीसला त्याने आईला फोन केला होता. ती शिलाई मशीनवर होती, फोन आतल्या खोलीत; तिला ऐकूच आला नाही. कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो बगळ्याचा, वेळ सहा पन्नास. आईने या दोन आकड्यांवर चार वर्षं काढली होती. फोननंतर सात मिनिटांनी तो निवांत बगळा टिपत होता, म्हणजे फोन सहजच केलेला. मदतीसाठी नव्हे.

फोटो उतरले, आकडा जुळला. माझ्या फोनमधलेही त्यात टाकले आणि काढल्याच्या वेळेप्रमाणे लावून पाहिले, तर क्रम चुकला. माझ्या पदवीच्या समारंभात बाबांना शिंक आली होती, ती मी फोनवर आणि दादाने कॅमेऱ्यावर एकदमच पकडली होती. फोनमध्ये अकरा वीस, कॅमेऱ्यात अकरा तीस. एका जोडीवर विश्वास ठेवू नये म्हणून आणखी पाच शोधल्या. प्रत्येकीत फरक दहा मिनिटांचा.

स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं, "दादाच्या कॅमेऱ्यात वेळ कुणी लावली होती गं?"

"त्यानेच. नवा आणला तेव्हा मला विचारलं किती वाजले, मी हे बघून सांगितलं." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे हात केला. "दहा मिनिटं पुढे ठेवलंय म्हणून तर तुम्ही दोघं शाळेत वेळेवर पोचलात. नाहीतर तुमची झोप म्हणजे कुंभकर्णाची."

ती पुन्हा भाजी चिरू लागली. मी परत येऊन बसले. सहा पन्नासमधून दहा गेले, सहा चाळीस. आधी बगळा, मग तीन मिनिटांनी फोन.

फोटोंच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या वेळा एकदम पुढेमागे करायची सोय असते. उपकरणातली चूक कळली की नोंद दुरुस्त करायची, हे मी पाच वर्षं प्रयोगशाळेत शिकले होते. मी चौकटीत दहा लिहिलं.

"वजा ना?" मागून बाबांनी विचारलं.

मी वळून पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"कॅमेरा परत मिळाला त्याच दिवशी. मनगटावरचं घड्याळ शेजारी धरून पाहिलं मी." त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "मग घरात सांगण्यासारखं काही नव्हतं त्यात."

"पण बाबा, हे चूक आहे."

"आहे की. तू बरोबरच हिशेब केलास." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "तो हाक मारत होता, आणि ही बाह्या जोडत बसली होती, हे तिला तू सांगशील? मला नाही जमलं."

मी दहा खोडलं, शून्य लिहिलं. फोटो होते तसेच ठेवले.

आई हात पुसत आली. नव्या कॉम्प्युटरसमोर बसून तिने आधी तोच फोटो उघडायला लावला. चष्मा वर करून, अगदी पडद्याजवळ जाऊन, खालची वेळ वाचली. बाबा खिडकीपाशी उभे होते, आमच्याकडे पाठ करून.

"म्हणजे फोननंतर सात मिनिटं," ती म्हणाली. "तू शिकलेली आहेस, तूच सांग. सातच ना?"

"हो, सात," मी म्हणाले.