नागरिक कॉर्बियाक उठला नाही

“ओनेझिम व्हिडालँ!”

व्यासपीठावरच्या माणसाने नाव घेतलं आणि सभागृहातली कुजबुज तुटली.

हे नाव आपलं नाही, एवढं कळायलाच ब्लेझ कॉर्बियाकला एक क्षण लागला. मग त्याला हायसं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. व्हिडालँ त्याच्या शेजारीच बसला होता, खांद्याला खांदा लावून.

“हाच तो माणूस!” व्यासपीठावरून आवाज चढला. “याच सभागृहात उभा राहून म्हणाला, की आरोपीला शिक्षेआधी बोलू द्या. एवढी कळकळ कुणासाठी? प्रजासत्ताकाच्या शत्रूंसाठी! समिती त्याच्या अटकेची मागणी करते आहे.”

व्हिडालँच्या पलीकडचा माणूस खोकला, टोपी उचलली आणि दोन बाकं सोडून जाऊन बसला. पुढच्या बाकावरचे दोघे कुणाला तरी भेटायला निघाल्यासारखे उठले. मागे कोट सळसळले, बूट वाजले. बघता बघता दोघांच्या भोवतीची बाकं रिकामी झाली.

आता आपण उठायचं, कॉर्बियाकने स्वतःला सांगितलं. ऊठ. त्याने तळवे बाकावर टेकवून जोर दिला. पण गुडघ्याखाली जणू काही उरलंच नव्हतं.

“ब्लेझ,” व्हिडालँ ओठ न हलवता म्हणाला, “जा तिकडे. वेडेपणा करू नकोस.”

“पाय उचलत नाहीत रे.”

“चेष्टा करायची हीच वेळ सापडली का तुला?”

“चेष्टा नाही. देवाशपथ, नाही उचलत.”

व्हिडालँने मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. मित्राचा पांढराफटक चेहरा, घामाने चिकटलेले केस. मग त्याने कॉर्बियाकच्या गुडघ्यावर हळूच थोपटलं. “बरं. मग बस गपचूप. मीच उठतो.”

तो उठला, कोटाची बटणं लावली आणि शिपायांच्या दिशेने चालू लागला. वरच्या सज्ज्यात प्रेक्षक दाटले होते. तिथून एक बाई ओरडली, “बायांनो, तो दुसरा बघा! तसूभरसुद्धा हलला नाही!” कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी हुर्यो केली. सगळ्या सभागृहाचे डोळे कॉर्बियाकवर खिळले.

कॉर्बियाक आणि व्हिडालँ दोघेही ऑब्रेलचे. डोंगरातलं छोटं गाव, खाली नदी, नदीकाठी कातडी कमावणाऱ्यांची घरं. कॉर्बियाक अशाच एका घरातला. तो शिकून वकील झाला, तरी गावातल्या बड्या घरांतून त्याला बसायला सांगताना लोक वासापायी खिडकी उघडत. व्हिडालँ गावचा वैद्य, मोठ्या आवाजाचा, मोठ्या हसण्याचा. राजाने देशभरातून प्रतिनिधी बोलावले, तेव्हा दोघे एकाच घोडागाडीतून पॅरिसला आले. जमीनदारांनी गिळलेली गावकीची कुरणं परत गावांना मिळावीत, हा कायदा त्यांनी मिळून केला. कलमं कॉर्बियाक लिही, भाषणं व्हिडालँ करी. डोंगरातल्या गावांत त्या कायद्यासाठी लोकांनी शेकोट्या पेटवून नाच केला होता.

पुढे राजाला गादीवरून उतरवलं आणि त्याच्या शिक्षेवर मतं द्यायची वेळ आली, तेव्हा मात्र प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने बोलावं लागलं. कॉर्बियाक व्यासपीठावर चढला, “मृत्यू” एवढंच म्हणाला आणि घरी येऊन भडाभडा ओकला. त्या दिवसापासून भीती त्याच्या घरात राहायला आली होती. पूर्वी तो सरहद्दीवरच्या शत्रूच्या फौजांना भीत असे. आता मागून कुणी खांद्यावर हात ठेवला तरी दचके.

शिपाई व्हिडालँला घेऊन गेल्यावर बऱ्याच वेळाने त्याच्या पायांत जीव आला. तो भिंतीला धरत धरत घरी पोचला, तोवर बातमी त्याच्याआधी पोचली होती.

“नागरिका!” खालची घरमालकीण जिन्यात आडवी आली. मोठमोठ्याने बोलत होती, शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून. “तू मोठा शूर असशील. पण माझ्या घरात मला भानगड नको. तुझी खोली बघ दुसरीकडे.” काल हीच बाई दार लावून त्याला ‘साहेब, तुम्ही’ म्हणाली होती. प्रजासत्ताकाच्या नव्या रीतीने आता सगळ्यांनी सगळ्यांना ‘नागरिक’ आणि ‘तू’ म्हणायचं होतं.

बायको, ऊर्स्युल, चुलीपाशी उभी होती. कोबी आणि डुकराच्या चरबीचं सूप उतू जात होतं, तिचं लक्ष नव्हतं.

“अहो, का नाही उठलात?” ती म्हणाली. “सगळे उठले ना? मग तुम्हीच कसले शूर निघालात?”

“उठत होतो गं. पाय गळाले.”

“म्हणजे?”

“म्हणजे पायच गळाले माझे! भीतीने! मी कसला शूर? मला पळायचं होतं, ऊर्स्युल, आणि पळतासुद्धा आलं नाही.”

ती स्टुलावर मटकन बसली. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. “अहो, मग झालं की! कुणी विचारलं तर हेच सांगा. पाय गळाले म्हणून. हसतील हसतील आणि सोडून देतील. ज्याला लोक हसतात त्याला कुणी मारत नाही.”

दारावर थाप पडली. दोघांनी एकमेकांचा हात धरला. पण दारात व्हिडालँची बायको क्लोटिल्ड होती. डोक्यावरची टोपी घसरलेली, चिखलात भरलेले बूट.

“भाऊजी,” ती आत येऊन उभीच राहिली, “उद्या न्यायसभेपुढे उभं करणार आहेत त्यांना. साक्षीदार आणायला सांगितलंय. मी दिवेलागणीपासून दारं ठोठावते आहे. सगळ्यांच्या घरात अचानक कुणी ना कुणी आजारी आहे.”

“वहिनी…”

“तुम्ही एकटे बसून राहिलात त्यांच्याजवळ. मला सज्ज्यातल्या बायकांनी सांगितलं. म्हणून आले. येणार ना तुम्ही?”

ऊर्स्युल नवऱ्याच्या मागे उभी होती. तिने त्याचा कोट मुठीत पकडल्याचं त्याला जाणवलं. खरं सांगून टाकावं, त्याला वाटलं. वहिनी, मी बसून राहिलो नव्हतो, अडकलो होतो. पण क्लोटिल्ड अशा नजरेने बघत होती, जणू पॅरिसमध्ये तिला तेवढाच एक माणूस दिसत होता.

“येतो,” तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

ती गेल्यावर ऊर्स्युल एवढंच म्हणाली, “जा. पण तिथे मी सांगितलं तेच बोला. खोटं थोडंच आहे?”

सकाळी न्यायसभेच्या जिन्यात त्याला दोनदा थांबावं लागलं. दालनात माणसांच्या ओल्या कपड्यांचा वास कोंदला होता. आरोपींच्या कठड्यात व्हिडालँ होता. त्याची दाढी वाढली होती. कॉर्बियाकला पाहून त्याच्या भुवया उंचावल्या आणि मग त्याने नाराजीने मान हलवली.

“आरोपीबद्दल काय ठाऊक आहे तुला?” अध्यक्षाने विचारलं.

“मी भ्यालेलो आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो,” कॉर्बियाक म्हणाला. गर्दीत खसखस पिकली. “आमच्या गावच्या पुलावर जमीनदाराचा आडवा वासा होता. बाजाराला जायचं तर दाम मोजल्याशिवाय तो उचलत नसत. एकदा एक बाई बाळंतपणात अडली होती. पहारेकरी वैद्यबुवांनाही सोडेना. यांनी तो वासा खांबासकट उपटला आणि नदीत टाकला. क्रांतीच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे ही. त्यासाठी तुरुंगात गेले होते. हा माणूस प्रजासत्ताकाचा शत्रू नाही.”

गर्दीतून एक-दोघांनी “शाब्बास!” म्हटलं. फिर्याद मांडणारा अधिकारी सावकाश उठला. अंगाने किरकोळ, चेहऱ्याने दमलेला.

“नागरिक कॉर्बियाक, काल सगळे प्रामाणिक लोक आरोपीजवळून उठले. तू बसून राहिलास. का? त्याची मतं तीच तुझी मतं, असं आम्ही समजायचं का?”

उत्तर जिभेवर तयार होतं. खरं होतं, सोपं होतं, हसू आणणारं होतं. ऊर्स्युल मागे कुठेतरी उभी राहून तेच उत्तर मनात म्हणत असणार.

“अरे, सांग ना त्यांना!” व्हिडालँच कठड्यातून ओरडला. “त्याचे पाय गळाले होते, नागरिक न्यायाधीश! मला म्हणाला तो. भित्रा आहे हा, लहानपणापासून भित्रा! याच्या मतांचं काय घेऊन बसलात?”

लोक मोठ्याने हसले. अध्यक्षही किंचित हसला. “खरं का हे? पाय गळाले होते?”

कॉर्बियाकने व्हिडालँकडे पाहिलं. व्हिडालँचा चेहरा हसरा होता आणि डोळे गयावया करत होते. हो म्हण. कॉर्बियाकला काल रिकामी होत गेलेली बाकं आठवली. आपण हो म्हटलं, तर त्या बाकांवर व्हिडालँच्या शेजारी कुणीच बसलं नव्हतं, असं होणार होतं.

“नाही,” तो म्हणाला. “पाय धड होते माझे. मी माझ्या मित्राजवळ बसलो होतो.”

हसू विरलं. मागे कुणीतरी हुंदका दाबला. तो ऊर्स्युलचा, हे त्याला मागे न वळताच कळलं. व्हिडालँने दोन्ही हातांनी कठडा धरला आणि मान खाली घातली. बराच वेळ वर केली नाही.

शिक्षा सुनावली गेली, आणि दुसऱ्या दिवशी व्हिडालँला चौकातल्या गिलोटिनकडे नेलं. कॉर्बियाक चौकापर्यंत गेला नाही. त्याच्याने तेवढं झालं नाही.

नंतर तो वाट बघत राहिला. पाव घ्यायला रांगेत उभा असताना, सभागृहात बसताना, दाढी करताना. पण त्याला न्यायला कुणी आलं नाही. इतक्या माणसांचा निकाल लावायचा होता, की बहुधा त्याची पाळी मागे पडत गेली. ज्यांनी माणसं मरायला धाडली होती, तेच उन्हाळ्यात एकापाठोपाठ एक त्याच वाटेने गेले, आणि एके दिवशी लोक रस्त्यात पुन्हा मोकळेपणी बोलायला लागले. कॉर्बियाकला मात्र ते जमलं नाही. तो ऊर्स्युलला आणि क्लोटिल्डला घेऊन ऑब्रेलला परतला. तिथे न्यायाधीश म्हणून त्याने आयुष्य काढलं, कुंपणाचे आणि गुरांचे तंटे मिटवले. आरोपीचं बोलणं संपेपर्यंत त्याने कधी निकाल सांगितला नाही. वकील कंटाळून जांभया देत, तरी तो ऐकत बसे.

तो म्हातारा झाला, ऊर्स्युल वारली, आणि राजघराणं परत गादीवर आलं. जुन्या राजाला मृत्यू सुनावणाऱ्यांनी देश सोडावा, असा हुकूम निघाला. कॉर्बियाकचा तो एक शब्द कुणी विसरलं नव्हतं.

निघायच्या सकाळी गाडी दाराशी लागली. सगळ्या गल्लीने खिडक्या लावून घेतल्या होत्या. ज्यांचे तंटे त्याने मिटवले होते, ज्यांची गुरं त्याच्या कायद्याने मिळालेल्या कुरणांवर चरत होती, त्यांनीही. त्याने कुणाला दोष दिला नाही. भीती काय असते, हे गावात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

गाडी हलली, तेवढ्यात समोरचं दार उघडून क्लोटिल्ड बाहेर आली. काठी टेकत ती गाडीच्या खिडकीशी आली आणि चाकाच्या बरोबरीने चालू लागली.

“वहिनी, आत जा. लोक बघताहेत.”

“बघू देत की.”

“नव्या नगराध्यक्षाची खिडकी आहे ती. उद्या तुम्हाला त्रास देतील.”

“भाऊजी, गाडीवाल्याला जरा सावकाश हाकायला सांगा,” ती म्हणाली. “माझे गुडघे दुखतात.”

त्याने सांगितलं. घोडे पाऊल पाऊल चालू लागले. गल्ली संपली, उतार संपला, नदीकाठची कातड्यांच्या वासाची घरं मागे पडली. पुलाशी आल्यावर ती थांबली, खिडकीच्या काठावरचा त्याचा हात तिने आत ढकलला आणि गार वारा लागू नये म्हणून चामड्याचा पडदा खाली ओढून बांधला.

मग ती वळली आणि रस्त्याच्या मधोमध, काठी टेकत, चढ चढू लागली.