दाराजवळचे अठ्ठावीस अंश

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी जुना तापमापक आहे आणि स्वभावाने तिरसट आहे. गोड बोलणे माझ्या धंद्यात बसत नाही. काचेची बारीक नळी, तिच्यात थोडासा पारा, पाठीला लाकडी पट्टी आणि तिच्यावर आकडे, एवढाच माझा संसार. ज्या कारागिराने मला घडवले त्याने मला आधी बर्फात बुडवले, मग उकळत्या पाण्याच्या वाफेत धरले, दोन्ही वेळा खुणा केल्या आणि म्हणाला, "हा खोटं बोलणार नाही." ते शब्द माझ्या डोक्यात गेले. पुढे जे घडले त्यात निम्मा दोष त्या ताठ्याचा आहे.

मला आणले ते रेशीमकिड्यांच्या खोलीत. लांबलचक खोली, वर पत्रा, आणि भिंतींना लागून चार-चार मजल्यांच्या मांडण्या. मांडण्यांवर पसरट ट्रे आणि ट्रेमध्ये हजारो पांढरे किडे. दिवसातून चार वेळा त्यांच्यावर तुतीचा पाला घालायचा. चारेक आठवडे किडे नुसते खात सुटतात. मग तोंडातून धागा काढून स्वतःभोवती कोष विणतात. त्या कोषांपासून रेशीम मिळते.

हे काम दोघी जावांचे. थोरलीला त्यात तीस वर्षे झाली होती, धाकटीला जेमतेम दोन. थोरलीने मला पहिल्याच दिवशी दाराच्या आत, हात धुण्याच्या बादलीच्या वर, आपल्या डोळ्यांना नीट दिसेन अशा बेताने खिळ्याला टांगले होते. आत येणाऱ्याने किड्यांना रोग लागू नये म्हणून हात धुवायचे, माझ्याकडे बघायचे आणि वहीत आकडा लिहायचा, हा तिचा दंडक. "तापमापक बोलला की विषय संपला," असे ती म्हणायची. इतका मान मिळाल्यावर कोण फुगणार नाही?

तशी कित्येक वर्षे बरी गेली. किड्याला पंचवीस अंशांच्या आसपास बरे वाटते. माणसाचे काय, दोन अंश इकडेतिकडे झाले तर त्याला पत्ताही लागत नाही. फार झाले तर अंगातला सदरा काढेल, सावलीत जाऊन बसेल. किड्याला घाम येत नाही. ठेवाल तिथेच तो राहतो. तीसच्या वर गेले की त्याचे खाणे मंदावते आणि पस्तीसच्या पुढे तो अंग टाकतो.

मग उन्हाळे बदलले. पूर्वी ज्या आठवड्यात थोरली नुकती शाल घडी करून ठेवायची, त्याच आठवड्यात ती आता हातातल्या वहीने वारा घेऊ लागली. तुतीची कोवळी पाने दुपारपर्यंत लुळी पडू लागली. खिडकीत बसणाऱ्या चिमण्या चोची उघड्या टाकून धापा टाकत. माझ्या पाठीमागे राहणारी पालसुद्धा दिवसभर बादलीला चिकटून बसायची. थोरली काही हातावर हात धरून बसणारी नव्हती. तिने दाराला ओले गोणपाट लावले. त्यातून येणारा वारा छान गार व्हायचा.

पण मित्रांनो, ते गोणपाट माझ्यापासून वीतभर अंतरावर होते. शेजारून गारवा, खालून बादलीची ओल, आणि मधे मी. मी आपला सत्तावीस, अठ्ठावीस दाखवत राहिलो. आकडा खराच होता. दाराजवळ तेवढेच होते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पत्र्याच्या अगदी खाली काय चालले आहे, हे मला कोणी विचारले नाही आणि मलाही त्याची फिकीर नव्हती.

मग एका खेपेला वरच्या दोन मजल्यांवरचे किडे गेले. मऊ पडले, मग काळे पडले. थोरलीने वही काढली, पान न् पान तपासले. एकही आकडा अठ्ठावीसच्या वर नव्हता. मग दोष कुणाचा? वरच्या मजल्यांवर पाला घालायची ती धाकटी, कारण ती उंच.

"तू हात नीट धूत नाहीस," थोरली म्हणाली. "तुझ्या हातानंच गेले ते. पुढच्या खेपेला पुन्हा असं झालं तर या खोलीत पाय ठेवायचा नाही. मला एकटीला हे झेपणार नाही. मांडण्या मोडायच्या आणि मोकळं व्हायचं."

तेव्हापासून धाकटी हात इतके धुऊ लागली की बोटांची कातडी सोलवटली. बादली माझ्या खालीच, त्यामुळे मला सगळे दिसत होते. माझ्याच आकड्याने तिला तोंडघशी पाडले होते, आणि मी खिळ्यावर ऐटीत लटकत होतो. आज सांगतानाही मला स्वतःची लाज वाटते.

पुढच्या खेपेचे किडे चांगले वाढले. कोष विणायला तीन दिवस उरले होते. त्या दुपारी वारा पडला. पत्रा तडतडू लागला. या खोलीत पाला कुरतडल्याचा बारीक आवाज सतत चालू असतो. तो आवाज वरून येईनासा झाला. धाकटी स्टुलावर चढली.

"ताई, वरचे खात नाहीयेत."

"पाला शिळा असेल."

"आत्ता तोडून आणलाय. इथं नुसती भट्टी झालीय, ताई."

थोरलीने माझ्याकडे बोट दाखवले. "अठ्ठावीस. तुला उकडतंय म्हणून किड्यांना उकडतं का?"

धाकटी खाली उतरली, सरळ माझ्यापाशी आली आणि तिने मला खिळ्यावरून काढले. इतक्या वर्षांत थोरलीशिवाय मला कुणी हात लावला नव्हता.

"जागेवर ठेव तो."

"ठेवते. आधी वर नेते."

तिने मला सर्वांत वरच्या ट्रेमध्ये किड्यांच्या मधोमध आडवा ठेवला. माझ्या काचेला लागून एक किडा निपचित पडला होता. पारा सरकू लागला. तीस. तेहतीस. मला तो आवरेना. छत्तीस. खोटे न बोलण्याचा माझा सगळा तोरा तिथेच उतरला. या जिवांच्या इतक्या जवळ मी कधी आलोच नव्हतो.

"अडतीस," धाकटी म्हणाली.

थोरलीचा विश्वास बसेना. गुडघे दुखत असतानाही ती स्टुलावर चढली आणि तिने मला डोळ्यांजवळ धरले. पाऱ्याच्या टोकाशी बोट लावून आकडा पुन्हा वाचला.

"तीस वर्षं मी दाराचं तापमान लिहीत आले," ती म्हणाली. मग एकदम खाली उतरली. "ट्रे खाली घे. सगळे. आधी वरचे."

त्यानंतर दोघींनी श्वाससुद्धा घेतला नाही म्हणा ना. ट्रे जमिनीवर आले. जमिनीवर पाणी शिंपडले, खिडक्यांना ओली गोणपाटे लावली. धाकटी शिडीवरून छपरावर गेली आणि तुतीच्या फांद्या पत्र्यावर पसरून त्यांच्यावर बादल्यांनी पाणी ओतत राहिली. मला त्यांनी जमिनीवरच्या ट्रेमध्ये ठेवले होते. पारा तसूतसूने उतरत होता आणि मी मनातल्या मनात त्याला खाली ओढत होतो. बत्तीस. एकतीस. किडे हलत नव्हते.

दिवस कलता कलता कुठेतरी कुर्र झाले. मग शेजारच्या ट्रेमध्ये. सगळ्यात वरच्या दोन ट्रेमधले किडे काही उठले नाहीत. बाकीचे खाऊ लागले.

थोरली ओल्या जमिनीवरच बसली. तिने धाकटीचे हात ओढून घेतले आणि सोलवटलेली बोटे उलटसुलट करून पाहिली.

"मागचे तुझ्या हातानं नव्हते गेले," ती म्हणाली. "माझी चूक झाली."

एवढा वेळ शिडीवर चढ-उतार करताना न रडलेली धाकटी तेव्हा रडली.

आता माझी पट्टी तडकली आहे, आकडे पुसट झाले आहेत. तरी मित्रांनो, एवढे ऐका. गार जागी बसून सगळे ठीक आहे म्हणणे सोपे असते, मी ते कित्येक वर्षे केले. म्हणून आकडा वाचण्याआधी मला कुठे टांगले आहे ते पाहा. ज्याला उन्हातून उठून जाता येत नाही, तोंडाने सांगता येत नाही, त्याच्या शेजारी मला न्या. आणि तिथे पारा चढलेला दिसला तर माझ्याशी वाद घालत बसू नका, ट्रे खाली घ्यायला लागा.