कचेरीच्या दारातला ढोल

मी एक म्हातारा ढोल आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी शोभेचा नाही. शीताउ गावच्या कचेरीच्या दारात, नदीकडे तोंड करून मला लाकडी घोडीवर बसवलेलं आहे. माझं अंग कापराच्या लाकडाचं. चामडं एका शेतकऱ्याच्या बैलाचं, जो आयुष्यभर भाताच्या चिखलात राबला. लोक मला राजाचा ढोल म्हणायचे. राजानं माझ्यासाठी एक खिळासुद्धा दिला नव्हता.

माझा नियम साधा होता. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं मला बडवायचं, आणि आवाज ऐकला की अधिकाऱ्यानं, जेवत असला तरी, झगा चढवून बाहेर यायचं, ऐकायला बसायचं. पण राजाच्या लोकांनी त्यात मेख मारून ठेवली होती. बडवणाऱ्याला आधी दहा फटके, साहेबांची झोप मोडली म्हणून. मग कोण येणार? कित्येक वर्षं माझ्यावर नुसती धूळ बसली. खोटं कशाला बोलू, मला त्याचं फार वाईट वाटायचं.

मग एका हिवाळ्यात राजाचं राज्य गेलं. माझ्याच समोर शाळामास्तर बोहाननं सगळ्यांच्या आधी आपली लांब वेणी, राजाच्या ताबेदारीची खूण, कापून घेतली. कात्री चालवली त्याच्या थोरल्या बहिणीनं. तिचं नाव शूझेन, ती टोफू विकते. नव्या प्रजासत्ताकाचा पाचरंगी झेंडाही तिनंच शिवला. लाल कापड मिळेना, तर लग्नातला घागरा फाडला.

तांग वेइदे नावाचे पुढारी कचेरीच्या खुर्चीत बसले. माणूस धाडसी होता, राजाच्या शिपायांसमोर छाती काढून उभा राहिलेला. माझ्यावर हात ठेवून ते म्हणाले, "आजपासून फटके बंद. आणि वसंतातल्या कबरी झाडायच्या सणाआधी तुम्ही आपले पंच स्वतः निवडाल." लोकांनी मला पाच रंगांनी रंगवलं. मी तर नुसता फुगून गेलो होतो.

कबरी झाडायचा सण आला नि गेला. उन्हाळ्यातल्या होड्यांच्या शर्यतीही झाल्या. पंचांचं नाव कोणी काढेना. तेव्हा बोहान मास्तरानं कचेरीच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. त्यावर दोनच शब्द होते: निवडणूक कधी?

दुपारपर्यंत मास्तर कोठडीत. आरोप काय, तर हा राजाचा माणूस आहे. पुरावा काय, तर मानेवर केस वाढलेत, म्हणजे गुपचूप पुन्हा वेणी राखतोय. दुसऱ्या दिवशी दुपारच्या होडीनं त्याला खाली फौजेच्या तुरुंगात पाठवायचं ठरलं. तिथून परत आलेला माणूस आमच्या गावानं पाहिलेला नाही.

सकाळी शूझेन आली. खांद्यावर कावड, दोन्हीकडे टोफूच्या टोपल्या. तिनं माझ्या टिपऱ्या शोधल्या. पहारेकरी नजर चुकवत म्हणाला, "मावशी, ढोल आता फक्त बघायचा. टिपऱ्या साहेबांच्या कपाटात आहेत."

"अस्सं," ती म्हणाली. टोपल्या खाली ठेवल्या, कावडीचा बांबू मोकळा केला आणि मला असा हाणला की कित्येक महिन्यांची धूळ एका दणक्यात उडाली. दुखलं हो, पण काय बरं वाटलं!

तांगसाहेब हातातल्या चॉपस्टिक्ससकट बाहेर आले. "शूझेनबाई, ही राजाच्या जमान्यातली थेरं आहेत. हा ढोल बडवणं म्हणजे प्रजासत्ताकावर उठणं."

"झेंड्यातली लाल पट्टी माझ्या घागऱ्याची आहे, साहेब. मला प्रजासत्ताक शिकवू नका. हे राज्य बुडावं असं वाटलं असतं तर गप घरी बसले असते. टिकावं म्हणून तर बडवतेय. आम्ही तुम्हाला खुर्चीत बसवलं, देव्हाऱ्यात नाही."

"आणि तुझ्या भावाच्या मानेवरचे केस?"

"न्हावी महिनाभर आजारी आहे. सगळ्या गावाच्या मानेवर केस आलेत. तुमच्यासुद्धा."

साहेबांचा हात आपसूक मानेवर गेला. पहारेकऱ्याला हसू आवरेना.

तिनं पुन्हा बांबू उचलला, आणि त्या दणक्यानं माझं चामडं टरकन फाटलं. "झालं, संपला ढोल," साहेब म्हणाले आणि वळले. मला वाटलं, ऐन वेळी मीच दगा दिला. पण शूझेननं माझ्या लाकडावर ठोकायला सुरुवात केली. घाटावरचे हमाल आले, भाजीवाल्या आल्या, ज्याच्या त्याच्या हातात आपापल्या कावडीचा बांबू. सगळे मिळून फरशीवर ठोकू लागले. कोणी दगड मारला नाही, कोणी शिवी दिली नाही. शेवटी साहेब झगा चढवून आले आणि ऐकायला बसले. दुपारची होडी मास्तराशिवाय गेली. संध्याकाळी त्याच भिंतीवर निवडणुकीची तारीख लागली.

निवडणुकीत बोहान मास्तर जिंकला आणि तांगसाहेबांची खुर्ची त्याला मिळाली. पहिलं काम त्यानं केलं ते मला नवं चामडं चढवायचं. गोष्ट इथं संपवली असती तर मलाही आवडलं असतं. पण मत द्यायला शूझेनही गेली होती, आणि बाईमाणूस म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी ती बांबू घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. नव्या चामड्यावरचा पहिला दणका तिचाच. बोहान धावत बाहेर आला.

"ताई, तू? अगं, आता तर मीच आहे ना इथं."

"म्हणूनच आले. झगा चढवा, साहेब, आणि ऐकायला बसा."

बोहान आत गेला, झगा घालून आला आणि बसला.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर रंगवू नका, फडक्यानं पुसून ठेवू नका. आपला माणूस खुर्चीत असेल तेव्हा तर नक्की वाजवा. फाटलो तर नवं चामडं चढवा. बैल पहिल्यापासून तुमचाच होता.