पुनावळ्याची मावशी

कारखान्याला सुट्टी रविवारी, म्हणून पिंपरीचा भाजीबाजारही रविवारीच भरायचा. दोन-तीन वर्षांपूर्वी तिथे नुसतं माळरान होतं. पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी माणसं राहायला आली, आणि आसपासच्या शेतकऱ्यांना त्याचा सुगावा लागायला वेळ लागला नाही. पुनावळे, वाकड, रावेत अशा गावांहून बायका पहाटेच पाट्या घेऊन निघायच्या आणि उन्हं वर यायच्या आत रस्त्याच्या कडेला गोणपाटं अंथरून बसायच्या. कॉलनीतल्या बायकांना घासाघीस करायला आठवड्यात तेवढाच दिवस मिळायचा, आणि तो त्या वाया जाऊ देत नसत.

इंदू मात्र घासाघीस करत नसे. खरं सांगायचं तर ती भाजीसाठी बाजारात जातच नव्हती. ती जायची सारजाबाईसाठी.

इंदू माण तालुक्यातली. नवरा रंगराव कारखान्यात बॉयलरवर होता. तिची आई लहानपणीच गेली, बापाने दुसरं लग्न केलं, आणि माहेर म्हणजे वर्षातून एकदा पत्रावर घालायचा पत्ता तेवढा उरला. त्यात तिची दोन बाळंतपणं वाया गेली. पहिलं मूल पोटातच गेलं, दुसरं नऊ दिवसांचं होऊन गेलं. कॉलनीतल्या बायका तोंडावर गोड बोलायच्या. कुणाचं डोहाळजेवण असलं की तिलाही बोलवायच्या, पण ओटी भरायची वेळ आली की, "इंदुताई, तेवढी कढी ढवळता का?" म्हणून तिला आत पिटाळायच्या. अशा किती कढ्या तिने ढवळल्या, देव जाणे. बरं, कढी उतू गेली असती तर तो दोषही तिच्याच माथी बसला असता.

सारजाबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. पन्नाशीची, काटक बाई. कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा की मेथीचा भाव पार रेल्वेच्या रुळांपर्यंत ऐकू जावा. इंदूला आई नाही हे कळलं, त्याच दिवशी ती म्हणाली, "मंग मी कशाला हाय? मावशी म्हन मला. आनि अहोजाहो करू नगंस, मला कसंतरीच हुतंय." झालं, इंदूला मावशी मिळाली. रविवारी सकाळी तिच्या गोणपाटाच्या कोपऱ्यावर बसून ती आठवडाभराचं सगळं सांगायची, आणि सारजाबाई गिऱ्हाईक करता करता हुंकार भरायची.

इंदूला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ते सारजाबाईनेच आधी ओळखलं. त्या दिवसापासून तिने इंदूच्या पिशवीत भाजी टाकणं बंद केलं. "पोटुशीला पिशवीत देऊ न्हाई, पदरात घालावं," म्हणायची आणि पहिलं गिऱ्हाईक व्हायच्या आधी पाटीतली पहिली जुडी, वर दोन पेरू, दोन्ही हातांनी इंदूच्या पदरात घालायची. शेजारी बसणारी मंजुळाबाई चिडवायची, "अगं, भवानी तरी हू दे!" सारजाबाई म्हणायची, "लेकीला दिलं, हीच माजी भवानी."

तिची सख्खी लेक रतन चाकणजवळच्या खेड्यात दिलेली. आठ वर्षांनी तीही गरोदर होती, इंदूच्या दोन महिने पुढे. "आदी तिचं करते, मंग तुजं," सारजाबाई म्हणायची. "तुला पुनावळ्यालाच न्हेते. रंगराव व्हय म्हनला तर बरं, न्हाईतर त्याला बी गाडीत घालते." इंदू खूप हसायची आणि घरी येऊन रंगरावला सांगायची. दोनदा रिकाम्या झालेल्या बाईला या बोलण्याचा केवढा आधार वाटत असेल, ते ज्याचं त्यालाच कळावं. या खेपेला मूल जगेल, असं तिला वाटायचं ते फक्त त्या गोणपाटावर बसल्यावर.

पौषातल्या एका रविवारी तिने मन घट्ट करून मावशीला सगळं सांगितलं. पोटात गेलेलं, नऊ दिवसांचं होऊन गेलेलं, ढवळलेल्या कढ्या, सगळं. सारजाबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि नाक शिंकरून म्हणाली, "ह्ये जगतंय बघ."

पुढच्या रविवारी सारजाबाईची जागा रिकामी होती. "ताप आलाय तिला," मंजुळाबाई मान वर न करता म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारी लांबूनच ती दिसली, तशी इंदू सहा महिन्यांचं पोट सावरत जवळजवळ धावतच गेली आणि सवयीने तिने पदर पसरला.

सारजाबाईने मेथीची जुडी गोणपाटाच्या पार कडेला ठेवली. "घे उचलून."

"पदरात नाही घालत?"

"हात मातीनं भरल्यात माजं."

हात स्वच्छ होते. इंदूला ते दिसत होते. ती खाली बसायला वाकली, तशी सारजाबाई मागे सरकली आणि आपल्या लुगड्याचा काठ तिने आवरून घेतला. अंगाला अंग लागू नये म्हणून बाई कशी सरकते, हे इंदूने कॉलनीत पुष्कळ पाहिलं होतं. तिला एका क्षणात सगळा उलगडा झाला, निदान तिला तसं वाटलं. आपण आपल्या तोंडाने सांगितलं, आणि हिने दोन आठवडे विचार करून ठरवलं. लेक आठ वर्षांनी गरोदर आहे. मुलं न जगणारीची सावली हिला नको आहे.

परक्या बायकांनी केलं ते तिने गिळलं होतं. हे तिला गिळता येईना.

"कळलं मला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून अहोजाहो बाहेर पडलं. "तुमच्या रतनचं होऊ द्या सुखरूप. नातवंड घ्या मांडीवर. मग बघा आम्हा करंट्यांकडे!"

मंजुळाबाई ताडकन उठायला लागली, तर सारजाबाईने तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. मग तिने इंदूकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा इतका विचित्र झाला की इंदूला त्याचा अर्थच लागला नाही.

"व्हय गं बाय," ती म्हणाली. "व्हऊ दे सुखरूप."

जुडी तिथेच टाकून इंदू चालती झाली. त्या दिवसापासून ती बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, धर्माजीकडे भाजी घ्यायला लागली. हा म्हातारा असा चिक्कू, की त्याच्या हातून कधी वर एक मिरची सुटायची नाही. पण तोच आता तिच्या पिशवीत शेपूच्या जुड्या कोंबायचा, एकदा तर पुरचुंडीभर डिंक घातला, आणि काही विचारलं की बिडी पेटवून दुसरीकडे बघायचा. म्हातारपणी माणूस सुधारला म्हणायचा, असं इंदूला वाटलं. तिने त्यावर फार विचार केला नाही. रागावलेलं माणूस फारसा विचार करत नाही.

चैत्रात तिला मुलगी झाली. नववा दिवस उजाडला तेव्हा रंगराव कामावर गेला नाही. दोघंही दिवसभर पाळण्याजवळ बसून राहिले. दहावा दिवस आला, विसावा आला, पोरगी भोकाड पसरून कॉलनी डोक्यावर घ्यायला लागली. सव्वा महिना होताच इंदू तिला दुपट्यात घेऊन बाजाराला निघाली आणि तडक सारजाबाईच्या जागेकडे गेली. बघा म्हणावं, जगलं! हेच तिला त्या बाईच्या तोंडावर म्हणायचं होतं. वाटभर तिने ते पाठ केलं होतं.

सारजाबाई आलीच नव्हती. मंजुळाबाईने दुपटं बाजूला करून बाळ पाहिलं, कानशिलावर बोटं मोडली, आणि तिला रडूच फुटलं.

"आता सांगाया हरकत न्हाई," ती म्हणाली. "रतन गेली गं. पौषात, बाळतपनात. आठव्या म्हैन्यातच पोटात दुखाया लागलं. पोर बी ऱ्हायलं न्हाई. सारजीनं समद्या बाजाराला शपत घातली हुती, पोटुशीच्या कानावर घालायचं न्हाई म्हनून. आनि आपला हात वंगाळ झालाय, त्यो तुज्या पदराला लागू न्हाई म्हनून लांब सरायची. शेपू आनि डिंक बी तिचाच. नवऱ्याच्या हातनं तोडून घ्यायची, सोता शिवायची न्हाई, आनि धर्माजीकडं द्यायची."

इंदू रस्त्यातच खाली बसली. बाळ रडत होतं ते तिला ऐकू येईना.

धर्माजीची गाडी दुपारी पुनावळ्याला परत जाणार होती. इंदू बाळाला घेऊन तिच्यात बसली. पवनेच्या पलीकडे रान सगळं उघडं पडलं होतं, आणि पुनावळ्याच्या शिवेवर कांद्याची काढणी चालली होती. सारजाबाईचा नवरा गेनूबा बांधावर उभा होता. त्याने इंदूला ओळखलं, दुपट्याकडे पाहिलं आणि डोळ्यांवर उपरणं धरून तो विहिरीकडे निघून गेला.

बाभळीच्या सावलीत कांद्याचा ढीग होता आणि सारजाबाई विळीवर पाती कापत बसली होती. ती वाळून निम्मी झाली होती. इंदूला पाहून तिने विळी बाजूला सारली.

"जगलं न्हवं?" तिने विचारलं.

"मुलगी आहे," इंदू म्हणाली. "घे तिला."

"नगं. आजून वरीस न्हाई झालं. तितं गोनपाटावर ठेव, मी बघते."

इंदूने बाळाला गोणपाटावर ठेवलं. सारजाबाई हातभर लांब बसून, तिच्या अंगावर आपली सावलीसुद्धा पडणार नाही अशा बेताने, वाकून वाकून बघत राहिली. नाक बघितलं, मुठी बघितल्या. इंदूच्याने राहवेना. ती सारजाबाईच्या पायांवर पडली आणि हुंदके देत म्हणाली, "मावशी, मला मार. मी तुला काय बोलले गं त्या दिवशी! तेराव्याचा दिवस उलटून चार दिवस झाले नसतील, आणि मी तोंड उघडून..."

"गप. तू काय वंगाळ बोललीस?" सारजाबाई तिला उठवत म्हणाली, आणि आपण तिला हात लावला हे तिच्या ध्यानातही आलं नाही. "आईक. ती गेल्यापास्नं घरात कुनी तिचं नाव घेईना. ह्यो घेईना, मी घेईना. गावात तर मला बघून बाया दुसऱ्या वाटंनं जायाच्या. आनि तू समद्या बाजारात म्हनलीस, रतनचं व्हऊ द्या सुखरूप. मला वाटलं, हाय की गं माजी रतन! आजून दिस भरायचं हायेत तिचं. बाजार आटपून मी त्याच भरात घरी आले. तिच्यासाटी म्हनून डब्यातला डिंक काढून निवडाया बसले. निम्मा निवडून झाल्यावर ध्यानात आलं. मंग हात न लागलेला निम्मा तुला धाडला."

बांधावरून वारा आला आणि वाळलेली पात सळसळली. सारजाबाईने डोळे पुसले नाहीत. ती इंदूच्या आणखी जवळ सरकली.

"येकदा म्हन की गं," ती म्हणाली. "तवा म्हनलीस तसंच."

इंदूने तोंड उघडलं. सारजाबाई तिच्या तोंडाकडे बघत, मान किंचित पुढे करून, वाट पाहत बसली.