मानाचं ताट

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद वाचला आणि जोतीरामला सोडून थेट गोजरबाईकडे पाहिलं. नवऱ्याचं काही बिघडलं की आधी बायकोकडे बघतात, हे गोजरबाईला लग्नापासून ठाऊक होतं.

"काकू, कोलेस्ट्रॉल उतरायचं सोडून चढलंय. तेल किती वापरता?"

"फोडणीपुरतं. त्ये बी चमच्यानं."

"तूप? मटण?"

"ह्यांच्या छातीत कळ आल्यापास्नं चुलीवर मटण चढलं आसंल, तर हात झडंल माझा!"

"शपथा नकोत. चालताना छाती भरून येते म्हणतात, वर रक्त हे असं. पुढच्या तपासणीत फरक दिसला नाही तर पुण्याला पाठवावं लागेल. नळी घालून बघतील. वेळ पडली तर ऑपरेशन."

त्यांच्या सणसर गावातून त्या ऑपरेशनला गेलेला एकच माणूस गोजरबाईला माहीत होता, आणि तो परत आला तो चादरीतच. दवाखान्यातून निघताना तिनं मनात हिशेब मांडला. लोण्याचं भांडं जावेच्या घरी नेऊन ठेवलं, लोणच्याची बरणी माळ्यावर चढवली, मेथी-मटकी-भाकरी सोडून ताटात काही पडू दिलं नाही; मग ही चरबी येते कुठून? भाकरीतून?

कुठून ते रविवारी कळलं. वरकुट्याहून कुणाच्या तरी नातवाचं जावळ उरकून जोतीराम एम-एटी गाडीवरून उतरला. ती हातावर पाणी घालायला लागली, तर बोटांवरून उतरणारं पाणी पिवळं, आणि त्यावर तेलकट तवंग.

"मटण खाल्लं?"

"छ्या! खाल्लं कुठं? मान घेतला."

जोतीराम भावकीत थोरला. मेंढरं जाऊन ऊस आला, पटका जाऊन टोपी आली, पण रीत तीच राहिली. बोकड कापला की पहिलं ताट थोरल्याचं. ते भरायचं भांड्याच्या वरच्या थरातून, म्हणजे सगळी चरबी तरंगते तिथून. त्यानं ते पुसून संपवल्याशिवाय पंगतीत कुणी घास उचलायचा नाही. आणि उन्हाळा म्हणजे जावळांचे दिवस.

"आगं, मानाचं खाणं म्हंजी खाणं न्हवं. त्ये देवाचं."

"मंग नळी बी देवालाच घाला की!"

"आमचं आबा मुंडी खाऊन खाऊन नव्वद वर्सं जगलं."

"आबा दिस उगवल्यापास्नं मावळंपतूर मेंढरामागं चालत व्हतं. तुमी परसाकडला बी गाडीवर जाता."

जोतीराम टोपी हातात घेऊन हळूच म्हणाला, "न्हाय कसं म्हनू? ताट म्होरं आलं की अख्खी पंगत माझ्या हाताकडं बघती."

तेव्हा तिला दिसलं, की माणूस खादाड नाही. भ्यालाय. मरणाला भ्यालाय आणि पंगतीला त्याहून जास्त.

पुढच्याच आठवड्यात कऱ्हाटीला त्याच्या पुतण्याकडे, दादासोकडे, जावळ होतं. गोजरबाई गाडीवर मागं बसून गेली. मांडवात पंगत बसली, जोतीरामपुढं ताट आलं, तांबडा रस्सा काठोकाठ. त्यानं घासाआधी एकदा छातीवर हात फिरवला. बायकांच्या घोळक्यातून तिला तेवढंच दिसलं. पदर सावरत ती पुरुषांच्या पंगतीत शिरली आणि ताट उचललं.

"काकी, आवो पंगत खोळंबली!" दादासो ओरडला.

"वैनीलाच भूक लागली जनू," कुणीतरी म्हणालं. मांडव हसला.

"भूक न्हाय, भ्या लागलंया," गोजरबाई म्हणाली. रस्सा हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडला. "डॉक्टरीण म्हनली, ह्यांच्या रक्तात चरबी झालीया. तुमचा मान ऱ्हाईल बाबांनो, माझा माणूस जाईल."

आता कुणी हसेना. सगळे बघायला लागले द्वारकाबाईकडे. ती जोतीरामची चुलती, भावकीतली सगळ्यात म्हातारी, बाजेवर बसून मिश्री लावत होती. ती थुंकली, तोंड पुसलं.

"आरं, ही रीत कशापायी पडली, ठावं हाय का कुनाला? आमी मेंढरामागं हुतो तवा म्हैनं म्हैनं मटण दिसायचं न्हाय. शिजलं की तरणी पोरं भांडं चाटूनपुसून मोकळी. म्हाताऱ्याच्या पोटात आधी काय तरी पडावं, म्हनून पैलं ताट त्याचं. आता तर मटणाबिगर आठवडा जात न्हाय तुमचा. त्यो जगावा म्हनून मान दिलाय रं, मरावा म्हनून न्हाय. भाकरी आना त्याला!"

माळकरी पाव्हण्यांसाठी वेगळी आमटी शिजली होती. दादासोनं स्वतः ती वाढली. जोतीरामनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला, आणि पंगत मटणावर तुटून पडली. कुणाचं काही अडलं नाही.

गोजरबाईला वाटलं होतं, वाटेत तो तोंडसुख घेणार. पण कालवा आला तसा तो गाडी चालवताना मान न वळवता म्हणाला, "ताट उचललंस तवा वाटलं, छातीवरनं धोंडाच उचलला कुनी."

त्यानंतर रोज कालव्याच्या कडेनं पायी फेरी. गाडीची किल्ली गोजरबाईच्या कनवटीला. गोळ्या वेळेवर. बोलावणं आलं की जायचं, भाकरी मोडून मान घ्यायचा, उठायचं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि या वेळी जोतीरामकडे पाहिलं.

"उतरलंय की काका! छाती?"

"कालव्याच्या मोरीपतूर चालत जाऊन येतो. भरून येत न्हाय."

"मग पुणं नको. गोळ्या सोडायच्या नाहीत, चालणं सोडायचं नाही आणि हे जेवण असंच ठेवायचं."

"नको म्हंजी नकोच ना?" गोजरबाईनं विचारलं.

"नकोच, काकू."

दारातून बाहेर पडताना तिनं पुन्हा आत डोकं घालून तेच विचारलं. डॉक्टरीणबाईंनी हसून हात जोडले.

परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून जोतीरामला डुलकी लागली. कळ आली त्या दिवसापासून तो झोपला की गोजरबाई त्याच्या नाकाखाली बोटं धरून बघायची, वारा लागतो का. आताही सवयीनं हात वर गेला. अर्ध्यात थांबला. गडी असा घोरत होता की पुढच्या बाकावरची बाई मागं वळून बघायला लागली होती.

तिनं त्याला कोपरानं ढोसलं.

"अवं, घोरू नका. माणसं बघत्यात."

तो दचकून जागा झाला. "काय झालं?"

"काय न्हाय," गोजरबाई म्हणाली. "काय बी झालं न्हाय."