कुटलेली गोळी

रुपालीनं वडिलांच्या दंडावर पट्टा तिसऱ्यांदा आवळला. रक्तदाबाचं मशीन गुरगुरलं आणि पुन्हा तोच आकडा दाखवून गप्प बसलं. एकशे अठ्ठ्याहत्तर.

"बाबा, खरं सांगा. गोळी घेता का फेकता?"

"घेतो ना व! रोज सकाळी तुही मायच देते." नागोराव वैतागले. "घेतली का अंधारी येते. अन् रात्रीपासून डोकं ठणकते."

गेल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. दुसरा निभावणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि रुपाली पुसदच्या फार्मसी कॉलेजात औषध शरीरात कसं पसरतं, नेमका हाच विषय शिकवायची! बाबांच्या गोळीतल्या औषधाचा रेणू चरबीत सहज मिसळतो, म्हणून आतड्यातून चटकन आत शिरतो. पण सगळीकडे पोचण्याआधीच यकृत त्यातला निम्मा फस्त करतं, उरलेलाही काही तासांत संपतो. म्हणून तर गोळी अशी बांधतात, की औषध दिवसभर थोडं थोडं झिरपावं. साठ पोरांना हे घसा फोडून सांगायचं, आणि फुलसावंगीत आपल्याच घरी एक आकडा खाली येऊ नये? तिला संतापानं रडू यायचं बाकी होतं.

रुखमाबाई स्वयंपाकघरातून चमचा सांभाळत आल्या. गुळाच्या पाण्यात पांढरी भुकटी तरंगत होती.

"हे काय व, आई?"

"गोळी. खलबत्त्यात कुटली."

"पाकिटावर लिहिलं आहे ना, चावू नये म्हणून!"

"मंग चावू देते का मी? म्हणूनच त कुटून देऊन राह्यले."

रुपालीनं कपाळावर हात मारला. "दिवसभराचं औषध एका दमात पोटात जाते, आई! म्हणून अंधारी येते, अन् सकाळपर्यंत काहीच उरत नाही. कोणं शिकवलं तुले हे?"

रुखमाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नागोराव दाराबाहेर पाहू लागले.

"सांग ना! कोणं?"

"तूच सांगतलं, बाई," रुखमाबाई हळूच म्हणाल्या. "झटका आला तवा. घास अडकते म्हटलं, त तू फोनवर म्हणली, बारीक करून दे."

तेव्हाची गोळी साधी होती. ही नवी, सावकाश विरघळणारी गोळी रुपालीनंच डॉक्टरांना सुचवली होती. पुसदहून पाकिटं तिनंच पाठवली होती. सोबत एक फोन करायचा तेवढा राहिला होता.

तिनं आईच्या हातातला चमचा काढून घेतला.

"जाऊ दे," नागोराव तिच्याकडे न पाहताच म्हणाले. "तुह्यामागं कॉलेजची कामं किती राह्यते."